काचेआडचं वाद्य ऐकायचं कसं: नाशिककरांसाठी वाद्यसंग्रहालय भेटीची तयारी

वाद्यसंग्रहालयात शिरलेली मंडळी पहिल्या दालनात रेंगाळतात, दुसऱ्यात भराभर चालतात आणि तिसऱ्यात बसायला बाक शोधतात. दोष त्यांचा नसतो. वाद्य कानासाठी घडवलेलं असतं आणि काचेच्या पेटीत ते मुकं उभं असतं. पन्नासेक मुकी वाद्यं ओळीने पाहिली की सगळी सारखीच वाटू लागतात, मग ती आफ्रिकेतली असोत नाहीतर आसामातली. यावरचा उपाय तिकिटाच्या खिडकीवर मिळत नाही, तो आठवडाभर आधी घरूनच करून जावा लागतो. नाशिककरांना तो सोपाही आहे, कारण जगभरातल्या विचित्र वाद्यांमागची बहुतेक तत्त्वं आपल्या जिल्ह्यातल्या वाद्यांत सापडतात.

आधी घरी आणि गावात

ओळखीच्या कुणाकडे बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, असेल तर ती उघडून दाखवायला सांगा. वरची फळी काढली की आत पितळी रीडांची रांग दिसते. प्रत्येक रीड म्हणजे एका टोकाला खिळवलेली पातळ पट्टी. ती आपल्याच मापाच्या फटीत हवेच्या झोताने मागेपुढे हलते. लांब रीड खर्जाची, आखूड रीड तार सप्तकाची. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की चीनचा शेंग, जपानचा शो, लाओसचा खेन ही बांबूच्या नळ्यांची जुडी दिसणारी वाद्यं परकी राहत नाहीत. त्यांच्या नळ्यांत अशाच मोकळ्या रीडा असतात. ही कल्पना पूर्व आशियातली. ती युरोपात गेली, पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँने 1842 साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी पायाऐवजी हाताने भाता चालवायची पेटी केली. भजनी मंडळातली पेटी आणि लाओसचा खेन असे एका घराण्याचे आहेत.

दुसरा प्रयोग शहाळ्याच्या दुकानातल्या नळीचा. कागदाची नको, प्लॅस्टिकची घ्या, कागद ओला झाला की मान टाकतो. एक टोक दीड ते दोन सेंटिमीटरपर्यंत दातांनी दाबून चपटं करा आणि दोन्ही कोपरे तिरके कापा, म्हणजे टोकाला बोथट बाणासारखा आकार येईल. ते टोक ओठांच्या जरा आत धरून जोरात फुंका. आवाज येत नसेल तर बहुधा चपटा भाग पुन्हा फुगलेला असतो. तो परत दाबा आणि ओठांची पकड पुढेमागे करून बघा. आवाज लागला की फुंकत असतानाच दुसरं टोक कात्रीने थोडं थोडं कापत जा. नळी आखूड होईल तसा सूर चढत जाईल. सनईच्या पत्तीचं काम हेच आहे. युरोपचा ओबो, तुर्कांचा झुर्ना, चीनची स्वोना यांचंही हेच.

तिसरा प्रयोग पाण्याचा, आणि त्यात मुलं हमखास चुकतात. काचेच्या एकसारख्या दोन बाटल्या घ्या, एक अर्धी भरा. चमच्याने वाजवलीत तर भरलेली बाटली खालचा सूर देते, कारण आता काचेबरोबर पाण्याचंही वजन हलवावं लागतं. तोंडाशी फुंकलीत तर तीच बाटली वरचा सूर देते, कारण आतला हवेचा स्तंभ आखूड झालेला असतो. एकाच वस्तूत थरथरणारी चीज बदलली की हिशेब उलटा होतो. ही एक गोष्ट पक्की झाली तर संग्रहालयातलं अर्धं कोडं घरीच सुटतं.

आता गावात. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोलपथकांचा सराव मोकळ्या मैदानांवर चालतो. तिथे नुसतं पुढे उभं राहू नका. ढोलाच्या दोन्ही बाजूंना जाऊन ऐका. टिपरू पडतं त्या पानाचा आवाज आणि हाताची थाप पडते त्या पानाचा आवाज वेगळा का, हे दोरीचा ताण आणि पानाची जाडी बघून ताडता येतं. ताशाचं भांडं धातूचं आणि उथळ, म्हणून त्याचा आवाज ढोलाच्या घुमण्यातून चिरत बाहेर येतो. वणीच्या गडावर किंवा घरच्या गोंधळात संबळ बघायला मिळाला तर दोन भांड्यांचे आकार आणि दोन काठ्या नीट पाहून ठेवा. वाकड्या टोकाची काठी एका तोंडावर, सरळ दुसऱ्यावर. शेजारी तुणतुणं असेलच, त्याची तार कुठून निघते आणि कुठे बांधली आहे तेही पाहा. पुढे ते फार उपयोगी पडेल.

सुरगाणा, कळवण, पेठ या भागात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी हे फुंकवाद्य वाजतं. हरसूल-जव्हारकडच्या वारली वस्त्यांत तारपा असतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत बांबूच्याच कापलेल्या जिभळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. तारपा वाजवणारा मध्ये श्वासासाठी थांबत नाही. गालात हवा साठवून ती बाहेर ढकलत असतानाच तो नाकाने श्वास घेतो. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा डिजेरिडू याच श्वासावर चालतो. चीनच्या युन्नान प्रांतातला हुलुसी तर दिसायलाही तारप्याचा भाऊ वाटावा असा आहे: वर भोपळा, खाली बांबूच्या नळ्या. तारपा जवळून पाहून मग जगाचं संग्रहालय बघणाऱ्याला जे दिसतं, ते नुसत्या चित्रांच्या पुस्तकावरून दिसत नाही.

प्रत्येक पेटीपुढे विचारायचे प्रश्न

काय थरथरतं? त्याला थरथरवतं कोण: बोट, सारंगीसारखा गज, काठी, फुंकर, चाक? आवाज मोठा कुठे होतो? आणि सूर बदलतो कसा?

एवढे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्या. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळं वर्गीकरण उभं आहे, आणि ते आपल्याकडचं आहे याचा अभिमान जरूर बाळगावा. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तारेची ती तत, चामडं मढवलेली ती अवनद्ध, हवेची ती सुषिर आणि टाळ-घंटेसारखी अंगानेच वाजणारी ती घन. 1876 साली कोलकात्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्यं भेट पाठवली. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सचं वाद्यसंग्रहालय सुरू झालं. तिथल्या पहिल्या संग्रहपालाने, व्हिक्टर-शार्ल माहियों यांनी, आपली यादी लावताना हीच चौकट धरली. तिच्यावरून 1914 मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी आकड्यांची जी पद्धत बसवली, ती आज जगभरची संग्रहालयं वापरतात. विजेवरची वाद्यं हा पाचवा वर्ग नंतर आला.

या चौकटीत न बसणारी वाद्यं मुद्दाम शोधा. आपलं तुणतुणं घ्या. छेडतो तार, म्हणजे ते तत व्हायला हवं. पण तार चामड्याच्या मधोमध ओवलेली असते आणि घुमतं ते चामडं. चौंडक्याचंही तसंच. अभ्यासकांत यावर वाद झालेला आहे. तुमच्या मुलाने किंवा मुलीने पाटीवरचा वर्ग वाचून ‘हे चूक आहे’ म्हटलं, तर गप्प करू नका. त्याला विचारा की थरथरतं काय.

कुठे जायचं

नाशिकहून एका दिवसात होण्यासारखं म्हणजे पुण्याचं राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय, बाजीराव रस्त्यालगत शुक्रवार पेठेत. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास संग्रह सुरू केला, त्याला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि पुढे तो राज्य शासनाला देऊन टाकला. हे निव्वळ वाद्यांचं संग्रहालय नाही. दिवे, अडकित्ते, दरवाजे, मस्तानी महाल असं सगळं आहे आणि वाद्यांचा एक विभाग आहे. म्हणूनच इथे एक चूक होते. मंडळी तळमजल्यापासून क्रमाने बघत जातात आणि वाद्यांपर्यंत पोचेतो पाय बोलू लागतात. आत शिरल्यावर वाद्यविभाग कुठे ते विचारा, आधी तो बघा, बाकीचं नंतर.

अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण वेळ पाच तास धरा. राजगुरुनगर-चाकणला गर्दीत अडकलात तर सहा. सकाळी सहाच्या आत निघणं शहाणपणाचं. नाशिकरोडला राहणाऱ्यांनी उलटं शहरात जाण्याऐवजी तिथूनच गाडी धरावी. पुण्यात शिवाजीनगरहून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो घेऊन मंडईला उतरलात की पुढे चालत जाता येतं. स्वतःची गाडी असेल तर पेठांमध्ये ती लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो, तेव्हा ती अलीकडेच कुठे ठेवून मेट्रो धरलेली बरी. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत हा बेत नकोच, त्या भागातले रस्ते बंद असतात. वेळा, सुट्ट्या आणि फोटोचे नियम निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

पुण्यात मुक्काम करून पुढे जायची तयारी असेल तर मिरज गाठा. ते संग्रहालय नव्हे, पण सतारमेकर गल्लीत जे दिसतं ते कुठल्याच काचेआड दिसत नाही: पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळ्यांचे ढीग, कापलेला भोपळा, त्यावर बसवायची तबली, अर्धवट कोरलेली दांडी. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर कामात असतात. आधी विचारून जा, अर्ध्या तासाहून जास्त वेळ घेऊ नका आणि जवारी लावण्याचं, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झणकार जुळवण्याचं, काम चालू असेल तर तेवढा वेळ अजिबात बोलू नका, कारण ते काम कानावर चालतं.

दोन-तीन दिवस काढता येत असतील तर बेंगळुरूत जे. पी. नगरचं इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स. 2019 मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय भारतीय संगीतापुरतं आहे, आणि अंगणात हाताने वाजवून बघायची मोठाली ध्वनिवाद्यं आहेत. मुलं बरोबर असतील तर हेच निवडा.

खऱ्या अर्थाने जगभरची वाद्यं एका छपराखाली बघायची तर परदेश. हल्ली नाशकातल्या घराघरांतून कुणी ना कुणी बाहेर असतंच, तेव्हा पोराबाळांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी ही नावं टिपून ठेवावीत. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्सला 2010 साली उघडलेलं म्युझिकल इन्स्ट्रुमेंट म्युझियम. सुमारे दोनशे देशांतली वाद्यं तिथे देशवार मांडलेली आहेत, आणि गळ्यात अडकवायचं यंत्र व हेडफोन मिळतो. पेटीजवळ गेलं की तिथल्या चित्रफितीचा आवाज आपोआप कानात सुरू होतो. बेल्जियममध्ये वर सांगितलेलं ब्रुसेल्सचं संग्रहालय, 1899 च्या लोखंड-काचेच्या देखण्या दुकान-इमारतीत. पॅरिसला ला व्हिलेत भागात संगीतनगरीतलं संग्रहालय, लंडनला हॉर्निमन. जपानला जाणाऱ्यांनी हामामात्सु सोडू नये. यामाहा आणि कावाई यांचं हे गाव, आणि 1995 पासून तिथे नगरपालिकेचं वाद्यसंग्रहालय आहे. युरोपातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. परतीचं विमान मंगळवारचं आणि भेट सोमवारची, असं ठरवून पस्तावू नका.

बरोबर काय न्यावं

हाताच्या पंजाएवढी वही आणि शिसपेन्सिल. शाईचं पेन बऱ्याच ठिकाणी आत चालत नाही. स्वतःचा तारेचा हेडफोन, कारण तिथला कधी बिघडलेला असतो, आणि दोघांत एक असला की भांडण. मऊ तळाचे बूट. पाठीवरची पिशवी जमा करावी लागते, म्हणून पाकीट आणि औषधं खिशात. मोबाइल न्या, पण फ्लॅश आधीच बंद करून ठेवा. काचेवर चकाकी येत असेल तर अर्धं पाऊल बाजूला सरून तिरकं बघा, आणि गडद रंगाचा शर्ट घाला, पांढरा सदरा काचेत पडतो.

दालनात

पूर्ण संग्रहालय बघायचा हट्ट सोडा. पुण्याला दीड तास वाद्यांना, फिनिक्सला निदान चार तास, आणि तेवढ्यात मन लावून बघण्याची वाद्यं दहा-बारा. बाकीच्यांवरून नजर फिरवत जायचं. पहिली फेरी वीस मिनिटांत, न थांबता. तेव्हा फक्त कुठे परत यायचं ते वहीत टिपा. दुसऱ्या फेरीत निवडलेल्या प्रत्येकापुढे पाच मिनिटं. पहिली दोन मिनिटं पाटी वाचायची नाही. चार प्रश्नांची उत्तरं स्वतः शोधा, वाद्याची ओबडधोबड आकृती काढा, थरथरणाऱ्या भागावर फुली मारा, घुमणाऱ्या भागाभोवती गोल करा. मग पाटी वाचा, आणि हेडफोन सगळ्यांत शेवटी. आधी आवाज ऐकला की डोळे काम सोडतात. कानालाही दर पाऊण तासाने दहा मिनिटं शांतता द्या, नाहीतर शेवटची वाद्यं नुसता गोंगाट वाटतात.

पाटी वाचायचीही रीत आहे. वर्ष दिलेलं असतं ते घडवल्याचं की संग्रहात आल्याचं, ते बघा. लोकवाद्यांच्या बाबतीत बहुधा दुसरंच असतं, आणि मंडळी ‘दीडशे वर्षांपूर्वीचं वाद्य’ म्हणून ज्याची आठवण ठेवतात ते तेव्हाही जुनंच असू शकतं. ठिकाण दिलेलं असतं ते वाजवणाऱ्यांचं की विकत घेतलं त्या बाजाराचं, हेही तपासा.

तारा सैल दिसल्या तर संग्रहालय निष्काळजी आहे असं समजू नका. ताण सतत राहिला की दांडी वाकते, तबली खचते आणि खुंट्यांची भोकं पसरतात. मोठ्या पियानोत सगळ्या तारांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात जातो, त्यावरून कल्पना यावी. म्हणून जुन्या वाद्यांवरचा ताण मुद्दाम उतरवून ठेवतात. सनईवर्गातल्या वाद्यांना पत्ती नसते, कारण ती गवताची, काही महिन्यांत निकामी होणारी. गजाला केस नसतात, ते कसर खाते. दालन थंड आणि कोरडं का, याचंही उत्तर इथेच आहे. नाशकात आषाढात तबल्याची शाई दमट होऊन आवाज बसतो, हे तबलजींना सांगायला नको. लाकूड आणि कातडं हवेतला ओलावा घेतात-सोडतात, आणि हा खेळ वारंवार झाला की तडे जातात.

झणकार शोधा

एकाच धाग्याने सगळं संग्रहालय बांधायचं असेल तर झणकाराचा धागा धरा. तानपुऱ्याची घोडी अगदी किंचित उताराची असते. तार तिच्यावर एका बिंदूवर टेकत नाही, थरथरताना पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा शिवत राहते. तारेखाली सरकवलेला सुती किंवा रेशमी दोरा केसाएवढा पुढेमागे केला की नेमक्या जागी आवाज उघडतो. हीच जवारी. वरचे स्वरांश त्यातून झळाळून निघतात.

पाश्चात्त्य व्हायोलिनकाराला असा झणकार म्हणजे बिघाड वाटेल. पण जग फिरून बघा. झिंबाब्वेच्या शोना लोकांच्या म्बिराला, म्हणजे बोटांनी छेडायच्या पट्ट्यांच्या वाद्याला, त्या लोखंडी पट्ट्यांच्या खाली शंख किंवा बाटल्यांची पत्र्याची बुचं सैल अडकवलेली असतात, ती किणकिणावीत म्हणूनच. पश्चिम आफ्रिकेच्या बालाफोनला प्रत्येक लाकडी पट्टीखाली एक भोपळा टांगलेला असतो, त्या भोपळ्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा पापुद्रा चिकटवतात. आता बहुधा पातळ कागद किंवा प्लॅस्टिक लावतात. पापुद्रा गुणगुणतो. युरोपच्या चाकाच्या वाद्यात, हर्डी-गर्डीत, राळ लावलेलं लाकडी चाक तारांवर फिरतं आणि एका तारेखालची छोटी घोडी मुद्दाम सैल ठेवलेली असते. हात झटक्याने फिरवला की ती लाकडावर थडथडून ताल धरते. फ्रेंच लोक त्या घोडीला ‘कुत्रा’ म्हणतात. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला मुख्य तारांखाली न छेडता वाजणाऱ्या तारा असतात, आपल्या सारंगी-सतारीच्या तरफांसारख्या. इतक्या दूरच्या माणसांनी स्वच्छ सुराला थोडी धूळ लागलेली हवी म्हणून केवढा खटाटोप केला! पेटीपुढे उभं राहून तो खटाटोप नेमका कोणत्या भागात केला आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो घोडीत किंवा घुमणाऱ्या पोकळीच्या भोकाशी असतो.

काही थांबण्याजोगी वाद्यं

सर्पंट: नावाप्रमाणे सापासारखं वळणदार फ्रेंच वाद्य, सुमारे अडीच मीटरची लाकडी नळी, वरून कातडं चढवलेलं. वळणं शोभेची नाहीत. सरळ नळीवर हात पोचला नसता, म्हणून दुमडली. आपल्या शिंग-तुतारीसारखं ओठांनी वाजवायचं, पण बोटांसाठी सहा भोकं.

काचवाद्य, म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनची 1761 सालची ग्लास आर्मोनिका. 37 काचेच्या वाट्या एका आडव्या दांड्यावर एकात एक बसवलेल्या, पायाने फिरवायच्या, ओल्या बोटाने काठ शिवायचा. घरी पातळ काचेच्या पेल्यावर करून बघा. बोट धुवून तेल काढलेलं हवं, तेलकट बोट नुसतं घसरतं.

ऑक्टोबास दिसला तर मान वर करा. पॅरिसच्या व्हियोम या वाद्यकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केलेला हा साडेतीन मीटर उंचीचा गजवाद्याचा डोंगर. तारा दाबायला हात पोचत नाही, म्हणून हातदांडे (लिव्हर) आणि पायपट्ट्या. मूळ नमुना पॅरिसला, प्रतिकृती फिनिक्सला.

ताऊस म्हणजे मोराच्या आकाराचं आपलंच गजवाद्य. इथे मोर बघून पुढे जाण्याची चूक होते. खाली वाका, पोट कातड्याने मढवलेलं आहे का ते बघा, दांडीवरचे पडदे आणि बाजूच्या तरफांच्या खुंट्या मोजा.

हाताळायच्या दालनात

अशा दालनात अंगठ्या, कडी, मनगटातली घड्याळं काढा. चऱ्यांचं पहिलं कारण तेच. गोंग, म्हणजे टांगलेली मोठी धातूची थाळी, मधोमध जोरात हाणू नका. आधी बोटाच्या टोकाने दोन-चार वेळा हलकेच ठोकून जागवा, मग मधल्या बिंदूपासून जरा बाजूला मऊ टोला द्या. एकदम जोराचा टोला दिला तर पत्रा नुसता भडकतो, सूर भरत नाही. बालीच्या गामेलान वाद्यवृंदातल्या गोंगांना मात्र मधल्या उंचवट्यावरच वाजवायचं असतं. इंडोनेशियाच्या बांबूच्या अंकलुंगला मारायचं नसतं. वरची चौकट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खालचा भाग भराभर हलवायचा. एक अंकलुंग एकच सूर देतो, तेव्हा सात जणांनी सात घेऊन ‘सारेगम’ करून बघा, घरच्या मंडळींना जमतं.

डिजेरिडू फुंकून वाजत नाही. ओठ सैल सोडून घोड्यासारखे फुरफुरवा आणि तेच नळीच्या तोंडाशी करा. कोपऱ्यातून हवा निसटत असेल तर नळी जरा तिरकी धरा. तोंडाने वाजवायची वाद्यं सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली असतील तर पुसायची सोय आहे का ते बघा, नसेल तर सोडून द्या.

थेरेमिनपाशी सगळे हात हवेत गरागरा फिरवतात आणि कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज काढून निघून जातात. 1920 च्या सुमारास रशियात ल्येव थेरेमिनने केलेल्या या वाद्याला शिवायचं नसतं. आपलं शरीर विजेच्या मंडलाचा भाग बनतं आणि हात जवळ-दूर होईल तशी कंपनसंख्या बदलते. उभी कांडी सुराची, आडवी कडी आवाजाच्या लहानमोठेपणाची. स्थिर उभे राहा, कारण अंग हललं तरी सूर हलतो. डावा हात कडीजवळ नेलात की आवाज मिटतो, वर उचललात की उघडतो. उजव्या हाताची बोटं मिटून कांडीपासून हातभर अंतरावर एक सूर धरा, मग फक्त बोटं उघडून वरचा सूर शोधा. मागे उभ्या माणसांना दोन पावलं लांब थांबायला सांगा, त्यांच्या हालचालीनेही सूर सरकतो.

शाळेची सहल असेल तर

चाळीस मुलांचा एक घोळका नेऊ नका. आठ-आठचे गट करा, प्रत्येक गटाला एक प्रश्न द्या: एक गट फक्त कातडं शोधेल, दुसरा भोपळा, तिसरा फक्त गज, चौथा प्राण्याचा आकार कोरलेली वाद्यं, पाचवा झणकार. मंगोलियाच्या मोरिन खूर या गजवाद्यावर घोड्याचं डोकं का, आणि त्याच्या दोन तारा कसल्या (घोड्याच्याच केसांच्या), हे मुलं स्वतः शोधून सांगतात तेव्हा लक्षात राहतं. सहा वर्षांखालच्या मुलांना चाळीस मिनिटं पुरे.

विकत घेताना

परदेशातून वाद्य आणायचं तर साहित्य विचारून घ्या. चिनी अरहू या गजवाद्यावर अजगराचं कातडं असतं, त्याला आंतरराष्ट्रीय कराराखालचे कागद लागतात. कासवाची पाठ, हस्तिदंत असलेलं काही घेऊ नका. आपल्याकडेही घोरपडीच्या कातड्याची खंजिरी 1972 च्या वन्यजीव कायद्याने बेकायदा आहे, जुनी म्हणून कुणी देत असेल तरी नको. केसांसकट मढवलेले ढोल आणि साल न काढलेलं लाकूड विमानतळावर अडतं. तारेचं वाद्य आणत असाल तर तारा थोड्या सैल करा आणि नाशकात पोचल्यावर पेटी लगेच उघडू नका. एक रात्र तशीच राहू द्या, हवेची सवय होऊ द्या.

परतल्यावर

आवाजांची आठवण सगळ्यांत आधी पुसट होते, म्हणून वहीतल्या प्रत्येक आकृतीशेजारी त्याच रात्री दोन शब्द लिहा: खरखरीत, ओला, नाकातला, घुमणारा, जे सुचेल ते. गाडीत बसल्या बसल्या लिहिलं तर उत्तम. मग होळीनंतर पेठ-सुरगाण्याकडे बोहाडे सुरू होतात. मुखवट्यांची सोंगं संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. वही घेऊन तिथे जा आणि संबळापुढे तेच चार प्रश्न पुन्हा विचारा. वाजवणाऱ्यांना मध्ये थांबवू नका. पहाटे चहाच्या वेळी विचारलं तर काठी हातात देऊन दाखवतात.